टाळूतला आवाज

बाळाची टाळू उडते, हे आमच्या घरात कोणाला नवे नव्हते. आईने स्वतःची चार आणि शेजारपाजारची मिळून पंचवीस-तीस बाळे तरी न्हाऊ घातली असतील. कोमट तेलात बुडवलेला कापूस टाळूवर ठेवून ती बोटांच्या पेरांनी इतके हलके दाबते, की झोपलेले मूल जागे होत नाही. २०१८ च्या श्रावणात माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी मायलेकी घरी आल्या आणि आईने नेहमीप्रमाणे नातीची टाळू भरली, पण त्या दिवशी तिचा हात तिथेच थांबून राहिला. "अक्का, हात लाव बघू," ती मला म्हणाली, "नुसती उडत न्हाई ही. आत काय तरी सुरसुरतंय की." मी हात लावला, पण मला वेगळे काही जाणवले नाही. टाळू उडतेच गं, असे म्हणून मी दुसऱ्या कामाला लागले.

त्या सुरसुरण्याचा अर्थ आम्हाला समजायला पुढे चार दिवस लागले. बाळ दूध ओढायला लागले की चार घोटांत दमायचे. भर पावसाळ्यात, खिडक्या बंद करून शेगडी पेटवलेल्या खोलीतसुद्धा पाय गार पडायचे आणि कपाळावर मात्र घाम यायचा. मानेतल्या धमन्यांची धडधड दुरून दिसत होती. पाय गार का, तर पाऊस आहे. घाम का, तर शेगडी आहे, अशी आमची प्रत्येक प्रश्नाला उत्तरे तयार होती. पाचव्या दिवशी रात्री तिचा श्वास इतका भरभर चालू लागला, की वहिनीने आमची उत्तरे बाजूला सारली आणि भावाला गाडी काढायला सांगितली.

बेळगावातल्या ज्या रुग्णालयात आम्ही पहिल्यांदा गेलो, तिथे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला आणि निदान आले, 'हृदयात भोक आहे.' हे शब्द आमच्या भागात सर्वांच्या ओळखीचे आहेत. हजार बाळांमागे साधारण आठ-नऊ बाळांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो, त्यामुळे प्रत्येक गावात भोकाच्या शस्त्रक्रियेतून उठलेला एखादा मुलगा हायस्कूलला जाताना दाखवता येतो. ते निदान ऐकून आम्हाला भीतीबरोबर थोडा धीरही आला, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. मात्र उपचार सुरू होऊन दोन दिवस झाले तरी बाळ सुधारेना. रक्तदाब खाली आहे म्हणून तो वाढवणारे औषध चालू केले, तर लघवी आणखी कमी झाली आणि यकृताची कड बरगडीखाली चार बोटे लागू लागली. हृदयाची शस्त्रक्रिया लवकर करावी लागेल, असे सांगण्यात आले. सातव्या दिवशी आम्ही तिला शहरातल्याच दुसऱ्या रुग्णालयात हलवले.

तिथल्या बालरोगतज्ज्ञ बाई धारवाडकडच्या होत्या. त्यांची मराठी आमच्या कन्नडइतकीच होती, म्हणजे कामापुरती आणि मायेपुरती. त्यांनी इकोचा पडदा पुष्कळ वेळ पाहिला. वरच्या बाजूला, वरची महाशीर हृदयात उतरते त्या कोपऱ्यात, भोक खरोखरच होते. पहिल्या रुग्णालयाने सांगितलेले खोटे नव्हते. तरीही बाईंना ते पटत नव्हते. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात फुप्फुसांतला दाब अजून पुरता उतरलेला नसतो, त्यामुळे अशा भोकातून फारसे रक्त इकडचे तिकडे जात नाही, आणि एवढ्याशा कारणाने सात दिवसांचे बाळ असे कोसळत नाही. शिवाय डोक्याकडून येणारी वरची महाशीर प्रमाणाबाहेर फुगलेली होती. छातीतून पोटाकडे उतरणाऱ्या महाधमनीत तर आणखी विचित्र प्रकार दिसत होता. दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात तिच्यातले रक्त उलट वर, डोक्याकडे ओढले जात होते.

मग त्यांनी उजव्या तळहाताला एक आणि पायाला एक असे दोन ऑक्सिजनमापक लावले. हातावर आकडा आला ९६ आणि पायावर ८४. एकाच बाळाच्या अंगावरचे ते दोन लाल दिवे आणि त्यांच्यातला बारा अंकांचा फरक माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. तेहतीस वर्षे गणित शिकवले, पण एकाही वजाबाकीने माझ्या पोटात असा गोळा आणला नव्हता. त्यानंतर बाईंनी स्टेथोस्कोपची चकती छातीवरून उचलली आणि टाळूवर टेकवली. परिचारिकेने आश्चर्याने विचारले, "नेत्ती मेले?" नेत्ती म्हणजे टाळू, मेले म्हणजे वर. बाईंनी मान हलवली, डोळे मिटून ऐकले आणि नळ्या काढून माझ्या कानांत घातल्या.

खानापूरच्या पुलाखालून आषाढात मलप्रभा वाहते, तसा तो आवाज होता. त्याला खंड नव्हता. प्रत्येक ठोक्याला तो भरायचा आणि दोन ठोक्यांच्या मध्ये किंचित ओसरायचा, पण थांबायचा नाही. पावणेतीन किलोच्या बाळाच्या डोक्यात नदी वाहत होती आणि माझ्या आईच्या बोटांना ती चार दिवस आधी लागली होती.

टाळू हे हाडांतले झरोकेच. तिथूनच सोनोग्राफीचा यंत्रभाग टेकवून मेंदू पाहता येतो. पडद्यावर मेंदूच्या ऐन मध्यभागी लिंबाएवढी काळी पोकळी दिसली, आणि रक्तप्रवाहाचे रंग चालू करताच ती लाल-निळ्या भोवऱ्यांनी भरून गेली. आजाराचे नाव 'व्हेन ऑफ गॅलेन मालफॉर्मेशन', म्हणजे गॅलेनच्या शिरेतली जन्मजात विकृती. गॅलेन हा दुसऱ्या शतकातला पर्गामॉनचा वैद्य. मेंदूतल्या खोलवरच्या एका मोठ्या शिरेला त्याचे नाव आहे. खरे तर या आजारात फुगते ती गॅलेनची शीर नव्हेच. गर्भाच्या सहाव्या ते अकराव्या आठवड्यांच्या सुमारास मेंदूत एक तात्पुरती शीर असते, जिला मार्कोव्स्कीची शीर म्हणतात. काम संपले की ती विरून जायला हवी. या बाळांत धमन्या थेट तिच्यातच उघडतात, म्हणून ती विरत नाही आणि रक्ताच्या लोंढ्याने फुगत जाते. हे १९८९ मध्ये फ्रेंच तज्ज्ञ रेबो यांनी उलगडले, पण जुने नाव कायम राहिले.

बाई हे माझ्या भावाला समजावून सांगत होत्या, अर्धे कन्नडमध्ये, अर्धे मराठीत. हृदयातून निघालेले रक्त धमन्यांना फाटे फुटत फुटत शेवटी केसाहून बारीक वाहिन्यांच्या जाळ्यात शिरते, तिथे त्याचा वेग मोडतो, प्राणवायू उतरतो, आणि मग ते शिरांतून सावकाश परत येते. तिच्या डोक्यात हे जाळेच मध्ये नाही. धमनी सरळ शिरेत उघडते. भाऊ रताळी आणि कोबी लावणारा माणूस. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे पाट फुटलाय. पाणी वाफ्यात न जाता सरळ ओढ्याला लागलंय." बाई म्हणाल्या, "हौद्री, हौद्री," होय, होय. त्याने पुढचेही स्वतःच जुळवले. पाट फुटला, की विहिरीवरची मोटार दिवसभर चालूनही वाफे कोरडेच राहतात, म्हणून आपण ती आणखी चालवतो, आणि शेवटी मोटार जळते. "मग मोटार चांगली हाय काय?" त्याने विचारले. बाई म्हणाल्या, की मोटार उत्तम आहे, तिच्यामुळेच तर मूल सात दिवस जगले.

मला या आजाराबद्दल जे काही सांगायचे आहे, त्याचे मूळ भावाच्या त्या प्रश्नात आहे. दुखणे हृदयाचे दिसते, इकोत हृदयाचा दोष खरोखर सापडतो, आणि तरीही सुरुवात हृदयापासून करायची नसते. गंभीर बाळांमध्ये हृदयाने ढकललेल्या रक्तापैकी ८० टक्क्यांपर्यंत रक्त एकट्या डोक्यातल्या त्या आडवाटेने निघून जाऊ शकते. उरलेल्यात मूत्रपिंडे, आतडी, यकृत आणि हृदयाचे स्वतःचे स्नायू यांनी भागवायचे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांमधल्या अशा थेट जोडणीमुळे नवजात बाळाचे हृदय निकामी होते, याचे स्पष्ट वर्णन वैद्यकात १९५५ मध्ये आले. तरी आजही अशी बाळे आधी हृदयविकाराच्या वाटेने जातात, कारण दम लागलेल्या बाळाच्या छातीवर कान ठेवणे स्वाभाविक आहे आणि टाळूवर कान ठेवण्याची आठवण राहणे तितके स्वाभाविक नाही.

आईच्या पोटात असताना हीच मुलगी का दमली नाही, हे मला आधी कळत नव्हते. उत्तर वारेत होते. वार हीसुद्धा रक्ताला सहज वाट देणारी जागा आहे. तिच्यात जितके रक्त जाते, तितके डोक्याकडचे ओढणे कमी होते. नाळ कापली की ती वाट बंद होते, आणि फुटलेल्या पाटाला स्पर्धाच उरत नाही. ज्या क्षणी आम्ही 'मुलगी झाली' म्हणून पेढे सांगितले, त्याच क्षणी तिच्या हृदयावरचा भार वाढला होता.

औषधांचेही गणित उलटे होते, आणि ते मी पुढच्या दिवसांत हळूहळू शिकले. रक्तदाब वाढवण्यासाठी अंगभरच्या रक्तवाहिन्या आवळणारे औषध दिले, तर वाफ्यांकडे जाणारी दारे आणखी मिटतात आणि डोक्यातली आडवाट, जी आवळली जातच नाही, ती अधिक रक्त ओढते. पहिल्या दोन दिवसांत लघवी का कमी झाली असावी, ते मला तेव्हा समजले. ऑक्सिजनही हात राखून द्यायचा, कारण त्याने फुप्फुसांतल्या वाहिन्या सैलावतात आणि आधीच पूर आलेल्या फुप्फुसांत आणखी रक्त शिरते. म्हणून तिला रक्तवाहिन्या सैल करणारे आणि हृदयाला हात देणारे मिलरिनोन आणि अंगातले पाणी उतरवणारे फ्युरोसेमाइड चालू झाले, आणि मधून मधून श्वासयंत्राचा आधार.

आणि ते भोक? त्याचे पुढे सांगते. त्याशिवाय गर्भात उघडी असणारी, महाधमनीला फुप्फुसाच्या धमनीशी जोडणारी एक छोटी नलिका जन्मानंतर मिटायला हवी, तीही हिच्यात उघडीच होती. एरवी अशी नलिका बंद करण्याची घाई केली जाते. इथे फुप्फुसांकडचा दाब इतका होता, की उजव्या कप्प्याला कोंडलेले रक्त बाहेर टाकायला तीच एक पळवाट होती. तिच्यातून कमी प्राणवायूचे रक्त शरीराच्या खालच्या भागाकडे जात होते, म्हणून पाय निळे आणि पायावरचा आकडा ८४. ती कोणी मिटवली असती, तर उजवा कप्पा त्या भाराखाली मोडला असता. आम्ही ज्याला देवाची चूक म्हणून बोटे मोडत होतो, त्याच चुकीच्या आधाराने ती तग धरून होती. हे ऐकल्यावर वहिनीने बाळाच्या छातीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो उचलला नाही.

वहिनीबद्दल एवढे लिहिलेच पाहिजे. २७ जुलै २०१८ च्या रात्री या शतकातले सर्वांत दीर्घ खग्रास चंद्रग्रहण झाले होते. तिला तेव्हा शेवटचे दिवस चालू होते, आणि तिने त्या रात्री विळीला हात लावला होता, असे गल्लीतल्या दोघीतिघींनी ठरवून टाकले होते. ही शीर सहाव्या ते अकराव्या आठवड्यात बिघडते, म्हणजे नुकते दिवस गेल्याची खात्री होत असते तेव्हा. जुलै उजाडला तोवर सगळे घडून गेलेले होते. काही कुटुंबांत ईपीएचबी४ किंवा आरएएसए१ या जनुकांतले बदल सापडतात, आणि आईवडिलांपैकी कोणाच्या कातडीवर लालसर डाग आहेत का, हे डॉक्टर त्यासाठीच विचारतात. बाकी पुष्कळदा कारण हाती लागत नाही. मी त्या बायकांना हे घरी जाऊन सांगितले. एकीने ऐकले.

अशा बाळाच्या डोक्यातली ही वाट बंद करणारे हात फार थोड्या ठिकाणी आहेत. सीमाभागातल्या माणसापुढे अडचणीच्या वेळी नेहमी दोन रस्ते असतात, एक निपाणी-कोल्हापूरवरून पुण्याकडे आणि दुसरा धारवाड-हुबळीवरून बेंगळुरूकडे. भावाचा ओढा पुण्याकडे होता, कारण तिथे बोलायला सोपे. बाईंनी बेंगळुरूच्या तज्ज्ञाशी फोनवर बोलून घेतले होते आणि ते दुसऱ्या दिवशी टेबल द्यायला तयार होते. पुण्याहून दीडपट लांब, सुमारे पाचशे किलोमीटर, तरीही आम्ही तिकडे निघालो. रुग्णवाहिकेत काचेच्या पेटीत बाळ, परिचारिका आणि वहिनी. मागून आमची गाडी. कित्तूर, धारवाड, हावेरी, चित्रदुर्ग अशी गावे रात्रभर पाट्यांवरून सरकत होती. हावेरीजवळ रुग्णवाहिका थांबली, तेव्हा माझे पाय गळाले. परिचारिका उतरून म्हणाली, "अंजबेड्री," घाबरू नका, सिलिंडर बदलायचा आहे.

बेंगळुरूच्या डॉक्टरांनी पहिली गोष्ट केली ती कागदावर पाच घरे आखण्याची. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पिएर लाझोनिया यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षे ही बाळे पाहून एक गुणपत्रक बनवले. लाझोनिया २००८ मध्ये वारले, पण जगभर आजही ते पत्रक वापरतात. हृदयाला पाच, मेंदूला पाच, श्वासाला पाच, यकृताला तीन आणि मूत्रपिंडांना तीन, असे एकूण २१ गुण. बारापेक्षा जास्त आले, तर औषधांवर सांभाळून बाळाला पाच महिन्यांपर्यंत वाढू द्यायचे, कारण मोठ्या बाळात हेच काम सुरक्षित होते. आठ ते बारा आले, तर लगेच हात घालायचा. आठाच्या खाली आले, तर घालायचा नाही.

जन्मभर गुणपत्रके भरली, पण आठाच्या त्या रेषेने माझा घसा कोरडा केला. हात का घालायचा नाही, हे मी विचारले, आणि डॉक्टरांनी ते न टाळता सांगितले. तोवर मेंदूची हानी आणि इतर अवयवांची पडझड इतकी झालेली असते, की वाट बंद केली तरी मागे उरणारे मूल आपल्याला ओळखणार नाही, किंवा वाचणारच नाही, आणि त्याला त्या यातनांतून नेण्यात त्याचे हित नसते. मला हे तेव्हा क्रूर वाटले होते. नंतर त्याच वॉर्डाबाहेर, सात गुणांच्या बाळाचे आईवडील पाहिले. त्यांच्या बाळाला डॉक्टरांनी वेदना होऊ दिल्या नाहीत आणि आईच्या मांडीवरून उचलले नाही. क्रूर हा शब्द मी त्यानंतर वापरला नाही. आमच्या कागदावरचे आकडे मी तोंडीच मिळवले: हृदय एक, मेंदू चार, श्वास दोन, यकृत एक, मूत्रपिंडे दोन. बेरीज दहा. मी ती तीन वेळा केली.

संमतीपत्रक कन्नड आणि इंग्रजीत होते, आणि भावाचे शिक्षण मराठीत झालेले. मी कन्नड मजकूर मोठ्याने वाचू लागले. 'हृदय' आणि 'रक्त' हे शब्द दोन्ही भाषांत एकच, ते त्याला सांगावे लागले नाहीत. 'मिदुळु' आला तेव्हा त्याने मान वर केली आणि मी 'मेंदू' म्हणायच्या आत स्वतःच म्हणाला, "मेंदू न्हवं?" त्याने सही केली.

दहाव्या दिवशी तिच्या मांडीच्या सांध्यातल्या धमनीतून एक नळी वर नेण्यात आली, आणि तिच्यातून अर्ध्या मिलिमीटर जाडीची दुसरी नळी मेंदूतल्या फुटलेल्या पाटाच्या तोंडाशी. त्या तोंडात गोंद सोडला गेला. सायनोअक्रिलेट, म्हणजे घरी तुटलेली कपबशी आपण ज्या फेविक्विकने चिकटवतो, त्याच जातकुळीतला, रक्ताला लागताच घट्ट होणारा. क्ष-किरणांत दिसावा म्हणून तो एका तेलकट द्रवात मिसळलेला असतो. पावणेतीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असते जेमतेम सव्वादोनशे मिलिलिटर, चहाच्या दोन कपांएवढे. त्यातले फार सांडू द्यायचे नाही आणि वाहिन्या दिसण्यासाठी टोचायचे औषधही बेताचेच, नाहीतर मूत्रपिंडे बसतात. गोंद थोडा लवकर घट्ट झाला तर नळी अडकते, आणि थोडा उशिरा झाला तर तो पलीकडे फुप्फुसांत जातो.

त्या दिवशी सगळे बंद केले नाही, आणि तेही मुद्दामच. एकाच वेळी सगळी तोंडे बुजवली, तर शिरेत रक्त गोठून किंवा आजूबाजूला फुटून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हृदयाला दम घेता येईल, इतकेच त्या दिवसापुरते पुरे होते. चौथ्या दिवशी हातावर ९६ आणि पायावर ९३ होते. वहिनी मला फोनवर तो आकडा सांगताना रडत होती. मी त्या वेळी शाळेत, मधल्या सुट्टीत, व्हरांड्यात उभी होते.

पुढची वर्षे थोडक्यात सांगते. पाचव्या महिन्यात दुसऱ्यांदा गोंद भरला, अकराव्या महिन्यात तिसऱ्यांदा. मधल्या काळात आईच्या शिवणाच्या टेपने दर रविवारी डोक्याचा घेर मोजायचा आणि वहीत लिहायचा, कारण शिरांतला दाब वाढलेला असला की मेंदूभोवतालचे पाणी शोषले जात नाही आणि डोके वाढू लागते. ते पाणी नळीने पोटात सोडण्याची घाई कोणी सुचवली, तर आधी आम्हाला विचारा, असे बेंगळुरूच्या डॉक्टरांनी बजावले होते. मूळ दाब तसाच ठेवून पाणी काढण्यात धोका असतो. एकदा घेर एका आठवड्यात एक सेंटिमीटरने वाढलेला दिसला आणि भाऊ रात्रीच्याच बसने निघाला. टेप ओलसर होऊन आखडली होती, असे दुसऱ्या दिवशी कळले. त्यानंतर आई ती टेप कपाटात ठेवू लागली. पैशांची कथा मात्र आमच्या गावातल्या कोणत्याही मोठ्या दुखण्यासारखीच होती: रताळ्याचे पैसे, सोसायटीचे कर्ज आणि वहिनीच्या पाटल्या.

महाधमनीच्या कमानीपाशी जरा अरुंद दिसत होते, म्हणून पहिल्या इकोत अरुंदीची शंका लिहिलेली होती. डोक्याकडेच इतके रक्त वळल्यावर त्या भागातून पुरेसे वाहतच नाही, त्यामुळे तो बारीक राहतो किंवा बारीक दिसतो. खरी अरुंदी आहे की नाही, ते पूर ओसरल्यावरच कळते. सहाव्या आठवड्यात नलिका आपोआप मिटली, आणि कमान नीट रुंदावलेली दिसली. पहिल्या आठवड्यात घाईने त्या जागी चिरा दिला असता तर, हा विचार मी मनात फार पुढे नेत नाही.

वरच्या कोपऱ्यातले भोक मात्र राहिले. मधल्या भागातली भोके पुष्कळदा स्वतः मिटतात. साइनस व्हेनोसस प्रकारची, वरच्या महाशिरेच्या तोंडाशी असणारी, मिटत नाहीत. गॅलेनच्या शिरेची विकृती असलेल्या बाळांत नेमका हाच प्रकार जास्त आढळतो, आणि गर्भात वरच्या महाशिरेतून वर्षानुवर्षांचा वाटावा असा लोंढा येत राहिल्याने तिथली भिंत नीट घडत नसावी, असे मानले जाते. म्हणजे आपण दोन वेगळे दोष समजत होतो, त्यातला एक दुसऱ्याची सावली असण्याची शक्यता आहे. हिच्या उजव्या फुप्फुसाची एक शीरसुद्धा चुकून त्याच महाशिरेत उतरत होती. हे दुरुस्त करायचे तर हृदय थांबवून, हृदय-फुप्फुस यंत्रावर ठेवूनच. त्या यंत्राने माणसावरची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी केली, आणि तीही हृदयातल्या भोकाचीच होती. मात्र यंत्रात रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिनने ते पातळ करावे लागते, आणि डोक्यात उघडी विकृती असताना पातळ रक्त म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. शिवाय यंत्राने पाठवलेले रक्तही त्याच आडवाटेने पळाले असते. म्हणून आधी डोके पूर्ण बंद झाल्याची अँजिओग्राफीने खात्री, आणि मग हृदय.

फेब्रुवारी २०२३ मध्ये, साडेचार वर्षांची असताना, तिच्या हृदयाभोवतीच्या तिच्याच आवरणाचा तुकडा लावून ते भोक बुजवले आणि चुकलेली शीर योग्य कप्प्याकडे वळवली. शस्त्रक्रियेला जाण्यापूर्वी ती शल्यविशारदांना कन्नडमध्ये म्हणाली, की माझं डोकं बरं झालंय, आता हेच राहिलंय. तिला कोणी शिकवले नव्हते. घरात जे बोलणे चाले, त्यातून तिने क्रम उचलला होता.

त्याच वर्षी मे महिन्यात तपासणीला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला एक बातमी दाखवली. मार्चमध्ये बोस्टनला डॅरेन ऑरबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३४ आठवडे २ दिवसांच्या गर्भात, आईच्या पोटातून सुई नेऊन, बाळ जन्मायच्या आधीच ही वाट बंद केली होती. नाळ कापल्यावर येणारा तो भार त्या बाळावर आलाच नाही. वहिनीने बातमीतल्या छायाचित्राकडे पाहिले आणि विचारले, की पोटात असताना सोनोग्राफीत हे दिसते काय. दिसू शकते, सहसा शेवटच्या तीन महिन्यांत, रक्तप्रवाहाचा रंग चालू करून डोक्याच्या मध्यभागी पाहिले तर. तिची शेवटची सोनोग्राफी सहाव्या महिन्यात झाली होती. ती पुढे काही बोलली नाही.

आमच्या तालुक्यात कोणाच्या घरी बाळ दमते आहे असे कानावर आले, की मी जाते. डॉक्टर नसल्याने मी सल्ला देत नाही. दोनच गोष्टी डॉक्टरांना विचारायला सांगते. उजव्या हातावरचा आणि पायावरचा आकडा सारखा आहे का, आणि टाळूवर कोणी कान ठेवला आहे का. बहुतेक वेळा आकडे सारखे निघतात, टाळू शांत असते, आणि दुखणे साधे असते. त्या घरच्यांना मी उगाच घाबरवले असे कोणी म्हणाले, तर ते मी ऐकून घेते.

भाची आता दुसरीच्या वर्गात आहे. तिची टाळू केव्हाच भरून आली आणि तिथे दाट केस आहेत. तरी संध्याकाळी वेणी घालायला बसवली, की आई आधी तेलाचा हात डोक्याच्या मधोमध फिरवते आणि मग वाकून आपला कान तिथे टेकवते. पोर मान ताठ धरून स्तब्ध बसते.

"आजी, येतंय काय?"

"येत न्हाई की," आई म्हणते आणि तीन पेड वेगळे करायला घेते.